बर्फाचा आगाऊ हिशेब

— बी. कॉम. द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी

बर्फ म्हटला की आपल्या बेळगावात प्रथम आठवतो तो उन्हाळ्यात गाडीवर खिसून, वर रंगीत पाक ओतून मिळणारा गोळा. नाहीतर लग्नघरी भुशात आणि गोणपाटात गुंडाळून आणलेली लादी. आभाळातून पडणाऱ्या बर्फाला आपल्या बोलण्यात वेगळे नावच नाही. कारखान्यातली लादी तोही बर्फ आणि हिमालयावर साचणारा पिंजलेल्या कापसासारखा थर तोही बर्फच. 'हिम' हा शब्द आहे, आणि या अंकाच्या कन्नड विभागातही तो तसाच चालेल. परंतु दोन्ही भाषांत तो पुस्तकातलाच राहिला आहे. काश्मीरमध्ये मात्र त्याला 'शीन' म्हणतात आणि तो शब्द घराघरांत रोजचा आहे. गरज असते तिथेच शब्द जन्माला येतात.

मी स्वतः बर्फ पडताना कधी पाहिलेला नाही हे आधीच सांगून टाकतो. असे असून या विषयावर लिहिण्याचे धाडस करतो आहे, त्याला कारण माझा आतेभाऊ. तो पुण्यास नोकरी करतो. आम्ही सारे त्याला दादा म्हणतो. राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड हे सारे पालथे घालून झाल्यावर त्याच्या मनाने घेतले की आता स्कीइंग शिकायचे, म्हणजे पायांना लांब फळ्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत यायचे. वर्षभर पगारातून पैसे बाजूला ठेवून तो २०२४ च्या जानेवारीत दहा दिवसांसाठी काश्मीरमधील गुलमर्गला गेला. विमानाचे तिकीट ऑक्टोबरातच काढले होते, कारण त्या वेळी ते स्वस्त होते. खोलीचे पैसे आगाऊ भरले होते. शिकवणाऱ्याची फी भरली होती. लोकरीचे मोजे आत्याने स्वतः विणून दिले होते. सगळे कसे शिस्तीत चालले होते. फक्त बर्फ आला नाही.

त्या जानेवारीत गुलमर्गचे प्रसिद्ध कुरण पिवळ्या-तपकिरी गवताने भरलेले होते. वर्तमानपत्रांतून तशी छायाचित्रे सर्वांनी पाहिली असतील. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना 'चिल्लई कलान' म्हणतात. हा थंडीचा सर्वांत कडक काळ, बर्फाचा हक्काचा हंगाम. तोच कोरडा चालला होता. दादा दहा दिवस गवतावर फिरला, रोपवेने वर जाऊन आला, आणि परतला. तो पुण्यास पोचल्यावर, जानेवारी संपता संपता, गुलमर्गला बर्फ पडू लागला. फेब्रुवारीत तर तिथे खेलो इंडिया हिवाळी क्रीडास्पर्धाही झाल्या. दादाने खर्चाची वही माझ्यापुढे टाकली. एकूण आकडा ५८,२०० रुपये. म्हणाला, "तू कॉमर्सवाला ना? मग सांग, माझे कुठे चुकले?"

त्या प्रश्नाच्या मागे लागून जे वाचले, विचारले आणि गणित करून पाहिले, ते येथे मांडतो.

पहिली गोष्ट अशी की उत्तरेतला हा बर्फ आपल्या पावसासारखा ठरल्या वेळी सगळीकडे पसरत येत नाही. आपल्याकडे मृगात पाऊस चार दिवस मागे-पुढे होईल, पण एकदा सुरू झाला की महिनोन्महिने चालतो. हिवाळ्यात उत्तर भारतात मात्र तो हप्त्याहप्त्याने येतो. भूमध्य समुद्र आणि कॅस्पियन समुद्राच्या बाजूस हवेच्या कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात, आणि उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वाऱ्याचा जोरदार झोत त्यांना इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान या मार्गाने आपल्याकडे वाहून आणतो. आकाशवाणीवर हिंदी बातम्यांत ज्याला 'पश्चिमी विक्षोभ' म्हणतात तो हाच. मराठीत त्याला पश्चिमी प्रक्षोभ म्हणतात. हिवाळ्यात महिन्याला असे चार-सहा येतात. काही नुसतेच ढग दाखवून जातात, काही जाता जाता आपल्या अरबी समुद्राकडूनही बाष्प ओढून घेतात आणि दोन-तीन दिवस डोंगर पांढरे करून टाकतात. वाऱ्याचा झोत उत्तरेकडे सरकला किंवा प्रक्षोभ दुबळे निघाले की काश्मीर कोरडे पडते. २०२३ च्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत हेच झाले, असे हवामान खात्याने सांगितले होते.

म्हणजे स्की करायला जाणाऱ्याने 'जानेवारीत बर्फ असतो' एवढ्यावर तिकीट काढणे हे 'दिवाळीत बाजार तेजीत असतो' म्हणून शेअर घेण्यासारखे आहे. सरासरी खरी असते, पण सरासरीवर कोणी घसरत नाही. त्याला हवा असतो एक विशिष्ट प्रक्षोभ आणि त्याची तारीख.

आता डोंगराचे काम पाहू. हे आपल्याला शिकवावे लागत नाही. पावसाळ्यात आपण आंबोलीचा धबधबा पाहायला जातो, तेव्हा बेळगावातून निघताना रिमझिम असते आणि आंबोलीत चार हातांवरचे दिसत नाही. आंबोलीला वर्षाला सातशे सेंटीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. बेळगावात त्याचा चौथा हिस्साही नाही. समुद्रावरून आलेले ओले वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, वर गार होतात आणि ओझे तिथेच उतरवून रिकाम्या हाताने आपल्याकडे येतात. काश्मीरमध्ये हेच काम पीरपंजाल रांग करते. गुलमर्ग या रांगेच्या उत्तर अंगावर, समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तिथून रोपवे, ज्याला सगळे 'गंडोला' म्हणतात, दोन टप्प्यांत वर जातो. पहिला टप्पा कोंगडूरीपर्यंत, तो १९९८ मध्ये सुरू झाला. दुसरा २००५ मध्ये, अफरवट पर्वताच्या खांद्यापर्यंत, सुमारे ३,९५० मीटरवर. एवढ्या उंचीवर स्कीवाल्यांना नेऊन सोडणारे रोपवे जगात फार थोडे आहेत, म्हणून युरोप-अमेरिकेतून आणि ऑस्ट्रेलियातून मंडळी मुद्दाम इथे येतात.

या उंचीवरून एक सोपे गणित करता येते, आणि मला वाटते अंदाज वाचण्याची किल्ली याच गणितात आहे. साधारणपणे १,००० मीटर वर गेले की तापमान साडेसहा अंशांनी उतरते. श्रीनगर १,५८५ मीटरवर आहे. तिथे ५ अंश तापमानात पाऊस पडत असला तर १,०६५ मीटर वर असलेल्या गुलमर्गला ते सुमारे ७ अंशांनी कमी, म्हणजे उणे २. तिथे बर्फ. अफरवटच्या टोकाला उणे १० च्या आसपास. तिथे कोरडा, भुकटीसारखा बर्फ, ज्यासाठी स्कीवाले जीव टाकतात. पण तेच श्रीनगरला ९ अंश असले तर गुलमर्गच्या कुरणात २ अंश, म्हणजे पाऊस किंवा चिखल. बर्फ कोंगडूरीच्या वर. ढग तेच, बाष्प तेच, आणि चार अंशांत खालच्या उतारावर शिकणाऱ्या नवशिक्याची सहल वाया. म्हणून जाणकार मंडळी 'किती पडणार' याच्या आधी 'गोठणरेषा कोणत्या उंचीवर' हे बघतात. हे गणित नेहमीच बरोबर येते असे नाही. ओली हवा वर चढताना थोडी सावकाश गार होते, आणि ऐन थंडीत श्रीनगरच्या खोऱ्यात गार हवा तळ्यासारखी साचून राहिली की वरच्यापेक्षा खालीच थंडी जास्त, असा उलटा प्रकारही होतो.

पाण्याचा बर्फ किती होतो हेही बघावे लागते. अंदाजात बहुधा पाण्याचे मिलिमीटर दिलेले असतात. ढोबळ हिशेब एकास दहा : १० मिलिमीटर पाणी पडले तर १० सेंटीमीटर बर्फ. पण थंडी कडक असेल तर त्याच पाण्याचा १५ किंवा २० सेंटीमीटर हलका बर्फ होतो, आणि शून्याच्या जवळपास असेल तर पाच-सहा सेंटीमीटर जड रबडी. पिंजारी जसा दोन शेर कापसाची गादी कधी फुगवून देतो, कधी चेपून, तसे.

हा अंदाज येतो तरी कुठून? १९२२ मध्ये लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने हवामानाचे गणित हाताने सोडवण्याची कल्पना मांडली. पृथ्वीच्या वातावरणाचे चौकोन पाडायचे, आणि एका प्रचंड गोल सभागृहात ६४,००० माणसे बसवून प्रत्येकाने आपापल्या चौकोनाची आकडेमोड करायची, म्हणजे गणित हवामानाच्या बरोबरीने धावेल. चौसष्ट हजार कारकून! आमच्या शाखेच्या कोणालाही बेकार राहावे लागले नसते. पुढे ती माणसे बसवण्याची गरज राहिली नाही, संगणक आले; पण चौकोनांची पद्धत तीच राहिली. आज इंग्लंडमधील रेडिंग येथील युरोपीय केंद्राचे गणित आणि अमेरिकेच्या हवामान खात्याचे गणित ही दोन जगभर पाहिली जातात. आपल्याकडेही २०२५ च्या मे महिन्यात पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत तयार झालेली ६ किलोमीटरच्या चौकोनांची भारत फोरकास्ट सिस्टिम हवामान खात्याने सुरू केली. चौकोन जितका लहान तितका डोंगर खरा दिसतो. मोठ्या चौकोनात गुलमर्गचे कुरण आणि अफरवटचे शिखर एकाच आकड्यात बसवले जातात. कागदावर दोघांचे हवामान एक होते आणि प्रत्यक्षात त्यांच्यात आठ अंशांचे अंतर असते.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. आज, या घटकेला, हवेची स्थिती सर्वत्र नेमकी काय आहे हे कोणालाच पूर्ण माहीत नसते. सुरुवातीचा आकडा जरा चुकला की पुढची चूक दिवसागणिक फुगत जाते. एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ मध्ये हे दाखवून दिले. यावर तोड म्हणून युरोपीय केंद्र एकच गणित ५१ वेळा करते, प्रत्येक वेळी सुरुवातीचे आकडे किंचित वेगळे घेऊन. ही गोष्ट मला आमच्या भाषेत फार चटकन कळली. ५१ कारकुनांना एकच खतावणी द्या, पण प्रत्येकाला आरंभीची शिल्लक थोडी निराळी सांगा. दोन दिवसांनंतर सर्वांची शिल्लक जवळपास सारखी येईल. दहा दिवसांनंतर कोणाचे दिवाळे निघालेले असेल, कोणी गबर झालेला असेल. ५१ पैकी ४० जणांनी 'मंगळवारी बर्फ' म्हटले तर ते सुमारे ७८ टक्के झाले. १२ जणांनीच म्हटले तर एवढ्यात तिकीट काढू नये. अमेरिकेच्या हवामान खात्यानेच दिलेला ढोबळ हिशेब असा की पाच दिवसांचा अंदाज सुमारे ९० टक्के वेळा बरोबर येतो, सात दिवसांचा ८० टक्के, आणि दहा दिवसांच्या पुढचा अर्ध्या वेळा. यंत्रसामग्रीवर जसा घसारा काढतात तसा तो अंदाजावर काढला पाहिजे. फरक इतकाच की यंत्राची किंमत दिवसागणिक उतरते आणि ठरल्या दिवसाच्या अंदाजाची दिवसागणिक चढते.

माणसाचा स्वभाव मात्र मधे येतो. दादाने मला सांगितले की गुलमर्गच्या हॉटेलांत बसलेले जुने स्कीवालेसुद्धा चार ठिकाणचे अंदाज पाहतात आणि ज्यात सर्वांत जास्त बर्फ असेल तोच खरा मानतात. परीक्षा झाल्यावर आपण चार मित्रांना उत्तर विचारतो आणि ज्याचे आपल्याशी जुळते तोच हुशार समजतो, त्यातलाच प्रकार.

आता दादाच्या प्रश्नाकडे वळू. समजा, जायचे-यायचे, राहण्याचे मिळून दहा दिवस आधी २४,००० रुपये पडतात, पण ते परत मिळत नाहीत. तीन दिवस आधी काढले तर तेच ३६,००० पडतात. दहा दिवस आधी बर्फाची शक्यता ४० टक्के दिसते आहे. आधी काढले तर २४,००० नक्की गेले, बर्फ पडो न पडो. थांबायचे ठरवले तर ३६,००० खर्च होतील, पण शंभरापैकी चाळीस वेळाच. सरासरी १४,४०० रुपये. महाग तिकिटाची वाट पाहणे स्वस्त पडते! बरोबरी कुठे होते तेही सांगता येते : २४ भागिले ३६, म्हणजे दोन तृतीयांश. शक्यता ६७ टक्क्यांच्या वर गेली की आधी काढावे, खाली असेल तर थांबावे. यात दोन गोष्टी मी सोप्या करून घेतल्या आहेत. तीन दिवस आधीचा अंदाजही शंभर टक्के खरा नसतो. आणि बर्फाची बातमी पसरली की खोल्या भरतात, मग ३६,००० देऊनही जागा मिळेल असे नाही. शिवाय ज्याला साहेबाकडून महिनाभर आधी रजा मंजूर करून घ्यावी लागते त्याला हे गणित लागूच पडत नाही. वादळाच्या मागे धावण्याची चैन ज्याची सुट्टी त्याच्या हातात आहे त्यालाच परवडते, हे माझे मत मी दादाला सांगितले. त्याला ते आवडले नाही.

पण ऑक्टोबरात काढलेले स्वस्त तिकीट हीच त्याची चूक होती असेही मी म्हणणार नाही. चूक पुढे झाली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, निघायच्या पाच दिवस आधी, पुढच्या दहा दिवसांत जोरदार प्रक्षोभ नाही हे सर्व अंदाजांत दिसत होते. त्या वेळी खोलीचे आणि फीचे निम्मे पैसे परत मिळत होते. तो म्हणाला, "तिकीट काढलेच आहे, आता जाऊ या." गेलेला पैसा गेला, तो पुढच्या निर्णयात धरायचा नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. पाठ सगळ्यांना असते.

स्कीवाल्यांचा हा वादळे पाहण्याचा नाद अमेरिकेत फार पुढे गेला आहे, म्हणून गुलमर्ग सोडून क्षणभर तिकडे जातो. यूटा राज्यात सॉल्ट लेक सिटीजवळ ऑल्टा नावाचे एका अरुंद दरीच्या टोकाचे ठिकाण आहे. पॅसिफिकवरून आलेली वादळे तिथे डोंगराला अडून रिती होतात. २०२२-२३ च्या हंगामात तिथे ९०३ इंच, म्हणजे जवळजवळ २३ मीटर बर्फ पडला. पण गंमत अशी की बर्फ भरपूर पडू लागला की दरीतला एकमेव रस्ता हिमस्खलनाच्या भीतीने बंद होतो, आणि फारच धोका वाटला तर इमारतीच्या बाहेर पाऊल टाकण्यासही कायद्याने बंदी होते. २०२१ च्या फेब्रुवारीत तिथे लोक दोन दिवसांहून अधिक काळ असे कोंडले गेले होते. म्हणून तिकडच्या जाणत्यांचा नियम असा की वादळाच्या आदल्या दिवशी वर पोचायचे. वादळ आल्यावर निघणारा रस्त्यात अडकतो, आणि वादळ संपल्यावर निघणारा पोचेपर्यंत उतार उधळून झालेले असतात.

गुलमर्गलाही तोच नियम लागू पडतो. बर्फ पडू लागला की श्रीनगरची विमाने रद्द होतात, आणि तंगमर्गपासून वरचा तेरा-एक किलोमीटरचा घाट चाकांना साखळ्या बांधल्याशिवाय चढता येत नाही. वारा असेल तर गंडोलाही थांबतो.

२०२५ चा हिवाळाही रडतखडतच गेला. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा २२ ते २५ फेब्रुवारीस व्हायचा होता. पुरेसा बर्फ नाही म्हणून तो पुढे ढकलावा लागला. दादाने या वेळी एकही पैसा आगाऊ भरला नव्हता. साहेबाशी बोलून पाच दिवसांची रजा 'तारीख नंतर कळवतो' या अटीवर मागून ठेवली होती. असे साहेब सर्वांना लाभोत. रोज रात्री तो मला आकडे कळवी आणि मी वहीत उतरवून घेई. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात २५ तारखेपासूनच्या एका मोठ्या प्रक्षोभाकडे सर्व गणिते झुकू लागली. पहिल्या दिवशी मी ४० टक्के लिहिले आहे, मग ५५, मग पुन्हा ५०, मग एकदम ८०. त्या रात्री त्याने तिकीट काढले. महाग पडले. २४ तारखेस तो गुलमर्गला पोचला आणि प्रक्षोभ अंदाजाप्रमाणे आला. तीन दिवस खिडकीबाहेर पांढऱ्याखेरीज काही दिसत नव्हते.

इथवर माझे गणित जिंकले होते. पण बर्फ पडण्याचा अंदाज आणि बर्फ टिकून राहण्याचा अंदाज या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला तोवर कळले नव्हते. जुना, ऊन खाऊन कडक झालेला किंवा आतून भुसभुशीत झालेला थर खाली असतो आणि त्यावर नवा जड थर एकदम येऊन बसतो. वारा तो उचलून एका अंगाला आणखी साचवतो. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर, म्हणजे जिथे स्की करायला सर्वांत मजा येते तिथेच, हा थर सुटतो. सर्वांत धोक्याचा काळ मोठ्या बर्फानंतरचे एक-दोन दिवस. आणि तेच दिवस, निळे आभाळ, न तुडवलेला बर्फ, स्कीवाला ज्याची वर्षभर वाट पाहतो. कोरडा गेलेला हंगाम तर अधिकच वाईट, कारण खालचा पातळ थर कमकुवत होऊन बसलेला असतो. २०२३ च्या १ फेब्रुवारीस अफरवटच्या उतारावर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू मरण पावले. २०२४ च्या २२ फेब्रुवारीस, म्हणजे दादाला हुकलेला बर्फ आल्यानंतर, एक रशियन स्कीपटू असाच गेला. गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत उकरून काढले तर तो बहुधा वाचतो. पुढे आशा झपाट्याने मावळते. दादा ज्या प्रक्षोभाच्या मागे गेला होता त्यानेच २८ फेब्रुवारीस उत्तराखंडात माणा गावाजवळ रस्त्याच्या कामावरील ५४ मजुरांची छावणी गाडली. त्यांतील आठ जण दगावले. ते तिथे बर्फ पाहायला गेले नव्हते.

या धोक्याचाही अंदाज निघतो. डी.आर.डी.ओ.ची चंदीगड येथील संस्था हिमालयातील जिल्ह्यांसाठी हिमस्खलनाचे इशारे देते. जगभर त्यासाठी पाच पायऱ्यांची मोजपट्टी वापरतात, आणि तिच्यात एक विचित्र गोष्ट आहे. सर्वांत जास्त स्कीवाले चौथ्या-पाचव्या पायरीवर मरत नाहीत, तिसऱ्या पायरीवर मरतात. पाचवी असली की कोणी घराबाहेर पडत नाही. तिसरी असली की 'मध्यमच तर आहे' असे वाटते. पस्तीस गुणांवर पास असलेल्या परीक्षेत आपल्याला तिसरा वर्ग जसा वाटतो तसे. ज्याने तिकिटाचे पैसे भरले आहेत, जो तीन दिवस खोलीत अडकून पडला आहे, त्याला तर ते अधिकच वाटते. पुन्हा तोच गेलेला पैसा! पहिल्या वेळी त्याने दादाचे दहा दिवस खाल्ले. या वेळी त्याची मागणी मोठी होती.

बर्फ थांबला त्या सकाळी दादाने स्थानिक वाटाड्याला विचारले, वर जाऊ या का? वाटाड्याने उत्तर दिले नाही. त्याने कुरणाच्या कडेच्या एका छोट्या उतारावर फावड्याने छातीइतका खड्डा खणला, बर्फाची भिंत हाताने साफ केली आणि फावड्याच्या पात्यावर वरून थापा मारल्या. चौथ्या-पाचव्या थापेला वरचा हातभर जाडीचा थर खालच्यावरून ट्रंकेच्या झाकणासारखा सरकून पुढे आला. खाली साखरेसारखे मोकळे दाणे होते. वाटाडा म्हणाला, "साहब, आज नहीं." दादाने मला त्याचे छायाचित्र पाठवले आहे. भिंतीवरच्या रेघा वहीतल्या ओळींसारख्या दिसतात. प्रत्येक रेघ म्हणजे एकेक वादळ, आणि तळाशी कोरड्या जानेवारीची जाड, करडी रेघ.

जाता जाता, या हिमालयातल्या बर्फाशी आपलाही जुना संबंध आहे हे सांगावेसे वाटते. भारतीय हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफोर्ड यांनी १८८४ मध्ये असे मांडले होते की हिमालयावर जास्त बर्फ पडला तर पुढच्या पावसाळ्यात दुष्काळाची भीती असते. आपल्या देशातले मान्सूनचे दीर्घ मुदतीचे अंदाज या बर्फाच्या हिशेबापासून सुरू झाले. खानापूरच्या शेतकऱ्याच्या भाताचा आणि गुलमर्गच्या गवताचा एका कागदावर विचार करणारा तो बहुधा पहिला माणूस असावा.

दादा त्या खेपेस अफरवटवर गेलाच नाही. तीन दिवस तो कुरणातल्या सौम्य उतारावर, सात-आठ वर्षांच्या काश्मिरी पोरांच्या बरोबरीने शिकला. ती पोरे आंब्याच्या फळीसारख्या दिसणाऱ्या घरगुती लाकडी पट्ट्यांवर त्याच्या पुढून सुसाट निघून जात. परत आल्यावर त्याने पुन्हा वही पाठवली. खर्च, विमानासह, ४६,९५० रुपये. त्याखाली त्याने स्वतःच एक कोष्टक आखले आहे. पडलो : पहिल्या दिवशी २६ वेळा, दुसऱ्या दिवशी ११, तिसऱ्या दिवशी ७.